माझं जातं कोणी उचललं?

विश्रांतवाडी, पुणे
३ फेब्रुवारी २०२६

चि. शहेजाद यास फुफीची दुआ.

रविवार, १ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तू गावच्या डोंगरावर मशीन लावून माझं जातं कातळातून उपटलंस. वेळ पक्की आहे, कारण लगेच गावाहून शेजारच्या हिराचा मुबारकबाद द्यायला फोन आला. नवरा कोण, असं विचारत होती. एकाहत्तराव्या वर्षी माझं लग्न ठरल्याची बातमी मला अशी कळली!

तू हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसतोस, म्हणून सांगावं लागतं. आपल्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या त्या डोंगरात जाती घडवली. विकायची खालच्या खाणीतून काढत. वरचा कातळ घरच्या लेकींचा. मुलगी जन्मली की बाप तिथे तिच्या नावाचं वर्तुळ कोरायचा. तिने लग्नाला हो म्हटलं, की लाकडी पाचरी ठोकून, त्यांवर पाणी ओतून दगड सोडवायचा. तिथले गोल खळगे आहेत ना, ते सासरी गेलेल्या लेकींचे. पिठाच्या गिरण्या आल्या, खाण बंद पडली, तरी माझ्या अब्बांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, हा रिवाज पाळला. मी लग्न केलं नाही, म्हणून माझं जातं कातळातच राहिलं. लोक टोमणे मारायचे, तेव्हा डोंगराला तिचं ओझं होत नाही, तुम्हाला का होतं, असं अब्बांनी त्यांना विचारलं होतं.

ते जातं तू कोणाला विचारून काढलंस?

कमरजहां फुफी

हिंजवडी
६ फेब्रुवारी

आदरणीय फुफीजान, सलाम वि. वि.

चुकलं. मेहजबीन जन्मली तेव्हा मी वर्तुळ कोरलं नव्हतं, म्हणून लेकीसाठी तुमचं आणलं. तसंही ते पडूनच होतं. स्थळ चांगलं आहे, पाहुणे घाईत आहेत. मेहजबीनच काही बोलत नाही. पण दारात जातं पाहून पाहुणे निर्धास्त झाले. आता तीही हो म्हणेल. तुम्ही समजावलंत तर लगेच ऐकेल. निकाहला गाडी पाठवतो. राग सोडा, आमच्यावर जीव असू द्या.

आपला
शहेजाद

विश्रांतवाडी
९ फेब्रुवारी

चि. शहेजाद,

मला वाटलं, तू दगड चोरलास. तू तर पोरीचा होकार चोरलास. जातं उचललं म्हणजे मुलगी हो म्हणाली, हे पाहुण्यांना ठाऊक आहे आणि तुलाही. तिने तोंड उघडण्याआधी तू दारात दगड ठेवून मोकळा झालास. वर मी तिला समजावू?

उपटलेला दगड परत डोंगराला चिकटत नाही, एवढं मला कळतं. टेंपोत घालून इकडे आण. त्याआधी पाहुण्यांना फोन करून सांग, की हे जातं फुफीचं आहे आणि मेहजबीनने अजून उत्तर दिलेलं नाही. लाज वाटली तर म्हातारीचंच लग्न ठरलंय म्हण. गावाला पटलं आहे.

तिच्याशी मी बोलले. समजावलं नाही. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, तेवढं सांगितलं.

मेहजबीनचं उत्तर, हो असो वा नाही, तिच्या हातचं, तिच्या सहीचं, रविवार, १५ फेब्रुवारी, दुपारी बाराच्या आत मला लेखी मिळालं पाहिजे. तू लिहून पाठवू नकोस. तुझं अक्षर मीच वळवलं आहे.

तोवर दुआ राखून ठेवली आहे.

कमरजहां