हळदीत चुकलेलं नाव

तळोदा, ४ एप्रिल २०२५

चि. शीलास ताईचा आशीर्वाद. थोरलीला द्यावाच लागतो, म्हणून दिला.

पत्रास कारण तूच. फोन केला की तू स्पीकर लावतेस आणि तुझं अख्खं घर दात काढत ऐकतं. म्हणून चौथीपर्यंतचं लिहिणं बाहेर काढलं.

रनाळ्याला आपल्या हेमराजच्या भाग्येशची हळद. आपण तिघी बहिणी त्याच्या आत्या. आणि गाणार कोण, तर तू, वत्सला आणि तुझी शेजारीण फुलवंताबाई! ती कोणाची आत्या लागते? हे मला भावानं सांगितलं नाही, तू सांगितलं नाही, बाजारात परक्या बाईकडून कळलं.

भाग्येशनं त्याच्या बापाच्या हळदीची जुनी कॅसेट फोनवर टाकली आणि तुला शिंगं फुटली. आता डीजेवाली पोरंसुद्धा डीजे थांबवून आपलं गाणं लावतात. ना पेटी, ना ढोल, नुसते तीन गळे. जो तो विचारतो, वरचा गोड आवाज कोणाचा? शीलाचा, शीलाचा! खालचा कोणाचा, हे एकानं विचारलं नाही. मी काय तिथं हळद कुटत होते?

तेही गिळलं. पण नंदुरबारच्या कार्यक्रमाचा तुझा व्हिडिओ पाहिला. 'पिवळी व्हयनी दारनी माती' इथपर्यंत ठीक. पुढं तू ते नाव घेतलंस. भर मांडवात, मान वेळावून, दोनदा. शीले, ते तुझ्या नवऱ्याचं नाव नाही. माझ्या तोंडून चुकून गेलं होतं. ती चूक माझी आहे. तुला टाळ्या पाहिजेत तर स्वतःची चूक कर.

आणि आमचे हे! जेवण झालं की कानात वायर खुपसून ओट्यावर बसतात, तेच गाणं ऐकतात. विचारलं तर नुसते हसतात. मेव्हणी गोड लागते, घरचा आवाज फुकटचा ना.

लोभ सगळा तुझ्याकडेच जमलाय, थोडा इकडं पाठव.

छबूताई

*

नंदुरबार, ९ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा रडले, एकदा हसले.

दादाच्या हळदीत हेमराज म्हणायचं तिथं तू 'उखा' म्हणालीस. तुझं लग्न नवं. नाव घे म्हटलं की तू घरात पळायचीस, आणि नेमकं तिथं दाजींचं नाव निसटलं. तू अडली असतीस तर मांडव हसला असता. म्हणून मी न् वत्सलानं तेच नाव लगेच उचललं, जोरात, जसं काही गाण्यातच आहे. दादा अजून म्हणतो, हळद माझी पण लागली मेव्हण्याले. आता लोक तीच जागा मागतात. मी हेमराज म्हटलं तर ओरडतात, उखा म्हणा.

फुलवंताबाईला घेतलं, कारण दिवाळीत तूच म्हणालीस गळा बसला, मला बोलावू नका. तू खरं बोलतेस की रुसून, हे आम्हाला कधी कळलंय? ती गाते चांगली, पण माझ्यासोबत वरच चढते. नुसता वरवंटा, खाली पाटाच नाही. कार्यक्रमात त्या जागी मी थांबले, खालून कोणी आलंच नाही, म्हणून मीच दोनदा घेतलं. मान वेळावली नव्हती गं. घाबरून तुला शोधत होते.

आणि दाजी काय ऐकतात ते ऐक. त्यांनी भाग्येशला सांगितलं, अख्खं गाणं नको, नावाचा तेवढा तुकडा काढून दे, आणि शीलाचा आवाज जरा कमी कर. माझा आवाज! मलापण राग आला. वत्सला म्हणते, मधल्या आवाजासाठी तर कोणी भांडतसुद्धा नाही.

माया आहेच, ती रागानं करपू देऊ नकोस.

तुझी शीला

*

तळोदा, १६ एप्रिल

चि. शीलास आशीर्वाद. या वेळी मनापासून. राग आहेच.

तुझं पत्र आलं आणि भाकरी टाकता टाकता यांना विचारलं, खरं का? म्हणाले, इतकी वर्षं तू मला 'अहो' नाहीतर 'ऐकलं का' म्हणतेस. माझं नाव तुझ्या तोंडून तेवढंच एकदा आलं, तेही तुझ्या बहिणींनी लगेच झाकून टाकलं. भाकर करपली. तीच वाढली, तर मुकाट्यानं खाल्ली.

आता ऐक. फुलवंताबाईनं यावं, जेवावं, टाळ्या वाजवाव्या. खालचा आवाज मी धरणार. गळा बसला नव्हता, रुसला होता. भाग्येशचं नाव भाग्येशच्या जागी बरोबर घेईन. पण लोकांनी ते दुसरं मागितलं, आणि ते मागणारच, तर पहिल्यांदा मी घेणार, एकटी. तुम्ही दोघी लगेच धावून येऊ नका. एक श्वास थांबा. हे मांडवात बसलेले असतील, त्यांना नीट ऐकू दे. मग या, पाहिजे तेवढं वर चढा. ते नाव इथं कागदावर मात्र लिहिणार नाही, वाट पाहू नको.

वत्सलाला सांग, मधला आवाज नसता तर आपण दोघी कधीच्या भांडून वेगळ्या झालो असतो.

तू थांबशील की नाही, ते मंगळवारपर्यंत कळव. फोन केलास तरी चालेल, पण स्पीकर बंद करून.

छबूताई