सांभाळ करावा, एवढंच लिहिलं होतं

भिंगार,
१२ फेब्रुवारी

प्रिय ईरा,

पंधरा दिवसांत तू तीनदा विचारलंस, मृत्युपत्राचं काय झालं, आणि तीनदा मी विषय बदलला. फोनवर हे बोलायचा धीर होत नाही, म्हणून लिहिते आहे. तुझा दादा समोर बसून शेंगा सोलतोय. एकेचाळीस वर्षांचा झाला, तरी मध्येच दाणे टाकून टरफलं वाटीत ठेवतो आणि चुकलं का म्हणून माझ्याकडे बघतो. बघायला मी आहे तोवर ठीक आहे.

पहिला कागद मी दिवाळीनंतर कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडून करून घेतला होता. घर माझ्या नावावर, मुलं दोन, यात अवघड ते काय, असं वाटलं. 'माझ्या पश्चात घर मुलगी ईरा हिला मिळावे व तिने भाऊ अनीश याचा सांभाळ करावा.' बायडाबाई बारा वर्षं आपल्याकडे स्वयंपाक करतात, अनीश त्यांच्या हातून जेवतो, म्हणून त्यांना वाचून दाखवला. कणीक मळता मळता त्या थांबल्या. म्हणाल्या, "बाई, आमच्या शेवगावाकडं बी आसाच कागद हुता. माझ्या चुलतदिराचा. त्याला आयकू येत न्हाई. बापानं जमीन थोरल्याला दिली, अन् धाकट्याचा सांभाळ कर म्हून लिवलं. सांभाळत्यात की. रोज भाकरी देत्यात. गोठ्यात." मी म्हटलं, कुणी काही बोलत नाही? तर म्हणाल्या, "काय बोलनार? भाकरी कुठं द्यायची, ते कागदात लिवलंच न्हाई."

दुसऱ्याच दिवशी मी नगरला राजनंदिनी वकिलांकडे गेले. मुलगी तुझ्याच वयाची. तिने कागद वाचला आणि एकेक विचारत गेली. सांभाळ म्हणजे नेमकं काय? कुठे ठेवून? ईराला काही झालं तर? तिच्या कर्जापायी घरावर जप्ती आली तर? घर तिच्या मालकीचं झालं की अनीश त्यात पाहुणा, हे कळतंय ना? मला राग आला. म्हटलं, माझी मुलगी तशी नाही. ती हळूच म्हणाली, "काकू, मी ईराबद्दल बोलतच नाहीये. तुम्ही नसाल त्या वीस-तीस वर्षांबद्दल बोलतेय."

तेव्हापासून जिवाला थारा नाही. भाजी चिरताना तो गोठा दिसतो. परवा लक्षात आलं, मागच्या खोलीला बाहेरून कडी आहे. इतकी वर्षं होती, कधी दिसली नाही. सुतार बोलावून ती काढून टाकली.

आता नवा कागद तयार आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. माझ्यामागे घर तुझ्या नावावर होणार नाही, अनीशसाठी केलेल्या ट्रस्टकडे जाईल. विश्वस्त तीन: तू, त्याच्या पूर्वीच्या विशेष शाळेतल्या दिशा मॅडम आणि तुझा मामेभाऊ रविराज. अनीश असेपर्यंत तिघांच्या सह्यांशिवाय घर विकता येणार नाही, आणि विकलं तरी पैसा त्याच्याच राहण्यासाठी. पुढचं कलम मी हट्टाने घालून घेतलं. तो कुठेही, कुणाकडेही असो, बाकीच्या विश्वस्तांनी महिन्यातून एकदा न कळवता जाऊन त्याला डोळ्यांनी बघायचं. तुझ्याकडे असला तरी.

वाचून तुला लागेल. आईने माझ्यावर पहारा बसवला, असं वाटेल. खरंच बसवलाय.

तू बारावीला होतीस. मी अनीशला घेऊन राहुरीला एका लग्नाला गेले होते. मांडवात तो ओरडला, कपडे खराब केले, मी आवरायला गेले तर हाताला चावला. बायका बघत होत्या. एसटी स्टँडवर आले, त्याला बाकावर बसवलं, हातात बिस्किटाचा पुडा दिला, "इथंच बस" म्हटलं, आणि नगरच्या गाडीत चढले. एकटी. चुकून नाही, ईरा. तिकीट काढलं मी, एकच. गाडी वांबोरी फाट्यापर्यंत गेली, तेव्हा मी ओरडून ती थांबवली. एका टेम्पोतून परत आले. तो त्याच बाकावर होता, पुडा न फोडलेला. मला बघून हसला. हे मी तुझ्या बाबांनाही कधी सांगितलं नाही.

मी त्याची आई असून एका दुपारी हे केलं. उद्या तू पन्नाशीची होशील, दमशील, तुझी मुलं, तुझी दुखणी असतील, आणि तशी एखादी दुपार तुझ्याही वाट्याला येईल. तेव्हा तू एकटी नसावीस, कुणीतरी दार वाजवावं, एवढ्यासाठी ते कलम आहे. सोमवारी नोंदणी आहे. त्याआधी कागद ओळ न् ओळ वाच आणि विश्वस्त व्हायचं की नाही ते कळव. नाही म्हणालीस तर मी दुसरं कुणी शोधेन, अजून हातीपायी धड आहे. तुझ्या नकाराची मला भीती नाही. कागद न वाचताच, केवळ माझ्यासाठी, तू हो म्हणशील, त्याची आहे.

तुझीच,
आई