संमती द्यायला हवी होती

३ नोव्हेंबर, सोमवार

पाठ होत नाहीये! फ्यूस, फ्यूस, फ्यू, फ्युसियों, फ्युसिए, फ्यूस. तोंडात फुंकर अडकल्यासारखं वाटतं. एका 'असणे' या क्रियापदाची ही अवस्था. अजून 'येणे', 'धरणे', 'जाणणे' बाकी आहेत.

इम्पर्फेक्ट सब्जंक्टिव्ह, फ्रेंचमधला जुना पुस्तकी काळ. आज फ्रान्समध्ये कुणी असं बोलत नाही. पुण्यात शिकत होते तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "वाचताना ओळखता यायला हवं, वापरू नका." मी फक्त 'वापरू नका' तेवढं ऐकलं. आता बावीस तारखेला सगळ्यात वरची परीक्षा. मॅनेजर म्हणाला आहे, डिसेंबरपर्यंत सर्टिफिकेट आणलं तरच फ्रेंच टीममध्ये ठेवू. छत्तिसाव्या वर्षी क्रियापदं घोकतेय.

५ नोव्हेंबर, बुधवार

सर्जापूर रोडवर कॅब पाऊण तास एकाच जागी. वही काढली.

'तिने यावं असं मला वाटत होतं.' यातलं 'यावं' म्हणजेच ते! ती आली की नाही ते वाक्य सांगतच नाही. फक्त मला काय वाटत होतं ते सांगतं. हे तर लहानपणापासून येतंय की मला! इतकी वर्षं उगाच घाबरले. ड्रायव्हरने आरशातून बघितलं — बहुतेक मोठ्याने बोलले असणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी धडा अठरावा. त्यात एक नियम — eût दिसलं तर नीट बघा. u च्या डोक्यावर ^ ही टोपी नसेल, म्हणजे eut असेल, तर गोष्ट घडली. टोपी असेल तर पुष्कळदा अर्थ असा, की घडायला हवी होती, पण घडली नाही. उच्चार दोन्हीचा एकच.

वाचलं. चहाचा घोट घेतला. आणि कप तसाच खाली ठेवला.

सप्टेंबरमध्ये मराठी करून दिलेलं ते पत्र. अनाथाश्रमातल्या फ्रेंच सिस्टरचं पत्र. त्यात हाच शब्द होता.

मी काय लिहिलं होतं? आठवत नाही. आठवतंय. नाही — उद्या बघते. ती फाइल आज उघडायची हिंमत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

उघडली.

सगळं नीट लिहून काढते, म्हणजे डोकं थाऱ्यावर येईल. शनिवार-रविवारी मी कोरमंगलाच्या जयतीर्थ सरांच्या एजन्सीसाठी भाषांतरं करते. सप्टेंबरात शिवलीला म्हणून एक बाई आल्या. बँकेत आहेत, हेब्बाळला राहतात, मूळच्या निपाणीकडच्या. त्यांच्या जन्माआधी त्यांची थोरली बहीण तिथल्या एका अनाथाश्रमातून फ्रान्सला दत्तक गेली. वडील क्षयाने अंथरुणाला खिळले होते, म्हणून आईने तिला तिथे ठेवलं होतं. वडील बरे झाले की परत न्यायची. ते काही बरे झाले नाहीत. आणि पोर १९८४च्या जूनमध्ये विमानात बसली. तीन वर्षांची.

आई — शालनबाई — जन्मभर एकच सांगत आल्या. "मी दिली न्हाई." नातेवाइकांनी कधी खरं मानलं नाही. आश्रम बंद पडला, जुने कागद मुलांच्या घरच्यांना मिळाले, त्यात फ्रेंच सिस्टरने वरिष्ठांना लिहिलेलं एक पत्र. मार्च १९८४. शिवलीलांना ते मराठीत हवं होतं, आईला वाचून दाखवायला.

मी लिहिलं — 'मुलीला पाठवण्यासाठी आईला संमती द्यावी लागली.'

सिस्टरने लिहिलंय — 'मुलीला पाठवायचं, तर आईने संमती द्यायला हवी होती.'

द्यावी लागली, म्हणजे दिली. द्यायला हवी होती, म्हणजे दिलीच नाही! झेरॉक्स पुसट आहे, टोपी जेमतेम दिसते. पण हे कारण नाही. खाली 'संमती देणे'चं रूप त्याच काळातलं, अगदी ठळक आहे. मला तो काळ येत नव्हता. येत नाही असं म्हणायची लाज वाटली. वर एजन्सीचा शिक्का, खाली माझी सही.

१० नोव्हेंबर, सोमवार

लंच ब्रेकमध्ये सरांना फोन केला. सगळं सांगितलं.

"दोन महिन्यांनी कोण बघतंय मॅडम? जुनं प्रकरण. बिडी, सोडून द्या आता!"

म्हटलं, सर, अर्थ उलटा झालाय.

"आपण शिक्का मारून दिलंय. चुकलं म्हणून लिहून दिलं, की उद्या आपल्याकडे कोण येणार? स्वल्प, थोडा विचार करा." मग जरा मऊ आवाजात — "तुमची परीक्षा आहे ना? ती करा आधी."

मी "सरी सर", बरं सर, म्हणाले. का म्हणाले?

११ नोव्हेंबर, मंगळवार

कदाचित त्यांनी आईला वाचून दाखवलंच नसेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वाचून दाखवलंय.

राहवेना म्हणून शिवलीलांना फोन केला. सहज केल्यासारखा — 'कागद मिळाले ना नीट?' माझीच मला किळस आली. त्या म्हणाल्या, "मिळाले की. त्याच दिवशी आईला वाचून दाखवले. म्हटलं, आई, एवढी वर्षं खोटं का बोललीस गं? कागदावर आहे की!"

त्याच पुढे बोलत राहिल्या.

"तवापासून जेवीना झालीया, मॅडम. दोन घास खाते आणि ताट सरकवते. माझ्याशी बोलीना. डॉक्टर म्हणतात, काही आजार नाही. तुमचा काय दोष, कागदात होतं ते तुम्ही लिहिलंत."

तेव्हाच सांगायचं होतं. "काळजी घ्या" म्हणून फोन ठेवला. बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसात फ्रेंच क्लायंटच्या मेलला उत्तर लिहायला दीड तास. साधं वर्तमानकाळातलं वाक्य, तरी तीनदा डिक्शनरी उघडली. आता कुठल्याच शब्दावर विश्वास नाही. आणखी कुठे कुठे चुकले असेन? सहा वर्षांत किती कागदांवर सही केलीये!

पुण्याहून आईचा फोन — "आवाज असा का गं?" म्हटलं, परीक्षा जवळ आलीये. तेही खोटं नाही.

शिवलीलांना मेसेज केला, रविवारी घरी आले तर चालेल का. लगेच उत्तर — 'या की.' पुढे नमस्काराचे हात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नवं भाषांतर केलं. एजन्सीच्या कागदावर नाही, साध्या कोऱ्या कागदावर. खाली लिहिलं — आधीचं भाषांतर चुकीचं होतं, चूक माझी. सही, नाव, फोन नंबर. जयतीर्थ सरांना कळवलं. त्यांनी वाचलं, उत्तर नाही. बहुतेक तिथलं काम संपलं.

एक वाक्य मी अकरा वेळा तपासलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

जाऊन आले.

हेब्बाळला पोचेपर्यंत हात घामेजले होते, कागद ओला होईल म्हणून पिशवीत ठेवला. तिसरा मजला. शिवलीलांनी पोहे केले होते. पोहे! मी म्हटलं, आधी ऐका, मग द्यायचे की नाही ठरवा.

सांगितलं. त्यांना पटकन कळलं नाही. "म्हणजे? कागदात असं नव्हतंच?" म्हटलं, कागदात उलट होतं. मी चुकले. तुमच्या आईने संमती दिली नव्हती, असं सिस्टर लिहितेय.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय का, मी तिला काय काय बोलले ते?"

शालनबाई आतल्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. बारीक, ताठ, डोक्यावर पदर. शिवलीलांनी नवा कागद वाचून दाखवला. खाली बसून आईच्या पायांवर डोकं ठेवलं — "आई, चुकलं माझं. मला माफ कर गं."

म्हातारीने पाय ओढून घेतले.

मला वाटलं, राग असेल. असणारच. पण त्या शिवलीलांकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "परत वाच. तू वाच."

मी वाचलं. '...तर आईने संमती द्यायला हवी होती.'

"असंच हाय? नक्की?"

"नक्की, आजी. या वेळी नक्की."

मान हलवली. आनंद नाही, रडू नाही, काहीच नाही. शिवलीलांनी पोह्यांची बशी पुढे केली, ती मात्र घेतली. निम्मी खाल्ली. शिवलीला दारापर्यंत आल्या. "कागदांत तिथल्या घरचा पत्ता आहे, मी फ्रान्सला पत्र लिहिणार आहे. तिला कळायला पाहिजे की आईने तिला टाकलं नव्हतं. तुम्ही फ्रेंच करून द्याल?"

माझ्यावर अजून विश्वास! हो म्हटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शिवलीलांचं पत्र आलं. 'ताई, तू परत यावीस असं आईला वाटत होतं.' फ्रेंच केलं. सोप्या, आजच्या भाषेत. ताईला डिक्शनरी लागू नये.

झोप लागतेय. आज मॅनेजरचा चेहराही बरा वाटला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शिवलीलांचा मेसेज — आई जेवली, पण बोलत अजून नाही. पत्र आज स्पीड पोस्टाने पाठवलं. 'देव तुमचं भलं करो.'

उद्या तोंडीचा सराव. तेवीस क्रियापदं झाली. चारच अडताहेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी अनोळखी नंबर. शालनबाई. लेक बँकेत गेल्यावर कागदावरचा नंबर शेजारणीकडून लावून घेतला होता.

"बाई, ते पत्र मार्चातलं हाय न्हवं?"

म्हटलं, हो, मार्चातलं.

"मग बरोबर लिवलंय. मार्चात मी न्हाईच म्हटलं हुतं. कागदावर अंगठा एप्रिलात दिला. ही शिवलीला पोटात हुती. दोघी पोरी जगल्या नसत्या."