तुझ्या पायातला जंतू

आई, तुझ्या पायाच्या जखमेतला जंतू आज हरला. तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि तो इथे अमरावतीत, माझ्या प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये, बोटभर नळीत गारठून जिवंत आहे. अकोल्याच्या दवाखान्यानं तुझा पू तपासला होता, त्यातून मी तो रीतसर अर्ज करून मागून आणला. एकाही औषधाला तो दाद देत नव्हता.

अकोटचा मळा आठवतो. मेथी उपटताना तुझ्या पायात तार घुसली. गोळ्या पाच दिवसांच्या होत्या, तू दोन दिवसांत बंद केल्यास. मी फोनवर रागावले, तर म्हणालीस, "आता दुखत नाई, मंग कायले खाऊ गोया?" आणि जंतूंचंच शिक्षण घेणारी तुझी लेक परीक्षेच्या घाईत "बरं, तुझी मर्जी" म्हणून मोकळी झाली. जखम वरून मिटली, आतून सडत राहिली. त्या फोनचा मला अजून राग येतो. तुझाही येतो, खोटं कशाला बोलू?

दुपारी खिडकीतलं ऊन पांढरं पडतं, यंत्रं घुमत असतात आणि माझा डोळा लागतो. मग तू समोरच्या स्टुलावर बसलेली दिसतेस, पदरानं वारा घेत. मी जंतूंना थोडं थोडं नव्या अन्नावर उतरवत असते. तू म्हणतेस, हे तर विरजणच. लहानपणी मी वाटीतलं सगळं दही चाटूनपुसून खाल्लं तेव्हा केवढी ओरडली होतीस! "काहून वं, इरजनाले थेंबभर बी नाई ठेवलं? आता शेजारी मांगाले तूच जाशीन." मी रडत गेले होते. शेजारच्या काकूंनी वर गुळाचा खडा दिला, ते तुला कधी सांगितलं नाही.

आम्ही चांदीचे कण करतो, डोळ्यांना कधीच न दिसणारे. ते तयार होतात तेव्हा पाणी हळूहळू फोडणीच्या तेलासारखं पिवळं होतं. ते कण लावलेली पट्टी चिघळलेल्या जखमांवर बांधायची, असा बेत आहे. बाकीच्या जंतूंवर ते वर्षापूर्वीच चालले. सगळ्यात चिवट तुझा, त्याच्याशिवाय काम पुढे सरकत नव्हतं. आणि मी कारणं सांगत राहिले, कधी कण गुठळले, कधी रंग नीट आला नाही. काही गुठळलं नव्हतं, आई. तुझ्या अंगातलं जिवंत असं जगात तेवढंच उरलंय, त्याला मारायला माझा हात होत नव्हता. त्या वर्षात दवाखान्यात कुणाकुणाची आई पाय सुजवून पडून असेल, हे मला कळत होतं.

काल मी रजेवर होते. माझ्या विद्यार्थिनीनं न विचारता तुझी नळी काढून त्यातला जंतू बशीत पेरला. आज बशीत चांदीच्या थेंबाभोवती स्वच्छ गोल पडला होता, आत काहीच उगवलं नव्हतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आवरेना, तर ती विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडमले लय आनंद झाला."

मी हो म्हणाले.