सरकार वाचतंय म्हणाला होतात, आबा

आबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आज तुमच्यावर रागावूनच लिहायला बसले आहे, तेव्हा गप ऐकून घ्या.

फौजेतून सुट्टीवर आलात की रोज दिवेलागणीला तुम्ही मला उसातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीचं कुलूप बघायला पाठवायचात. आल्यावर वहीत लिहायचं, 'कुलूप बघितलं, ठीक आहे', आणि खाली सही. एकदा कंटाळून मी चुलीपाशी बसूनच लिहिलं. तुम्ही बॅटरी घेतली आणि माझा हात धरून आष्ट्याच्या रस्त्याकडच्या शेतात नेलंत. कुलूप उघडं लोंबत होतं. "न बघता सही करायची न्हाई," म्हणालात. "आन् बघितल्यालं लिवून ठिवलं की कुणाच्या बापाला भ्यायचं न्हाई. सरकार वाचतंय." मी नववीत होते. सरकार म्हणजे तुमच्यासारखंच कुणीतरी, चष्मा लावून माझी वही वाचणारं, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

विमानतळावर बॅगा तपासायच्या नोकरीत मी तेच केलं. यंत्राचं चित्र अंधूक यायला लागलं, तसं रजिस्टरात रोज लिहिलं. दुरुस्तीला कुणी फिरकलं नाही. बरोबरच्या मुली हसायच्या, तू काय कादंबरी लिहितेस काय म्हणून. मग एका प्रवाशाच्या बॅगेतून सुरा विमानात गेला आणि विमान वर गेल्यावर सापडला. कुणाला काही झालं नाही, एवढंच नशीब.

संध्याकाळी मंत्री टीव्हीवर. यंत्रं सगळी उत्तम आहेत, चूक एका कर्मचाऱ्याची आहे, कारवाई केली आहे. तो एक कर्मचारी म्हणजे मी, आबा. चौकशी समिती आली तोवर नवं यंत्र बसलं होतं. त्याचेच फोटो काढले, चहा घेतला आणि गेले. मी रजिस्टर बघा म्हणाले, तर ते चौकशीसाठी वर गेलंय म्हणे. वर म्हणजे कुठं, कुणालाच ठाऊक नाही. सुरक्षेवर एवढी भाषणं, आणि महिनाभर लिहिलेलं एक पान कुणी उलटून पाहिलं नाही.

मी गावी आले. पाठोपाठ सरकारी लखोटा आला. आईनं तुमच्या रिवाजाप्रमाणं तो न फोडता देवापुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी सांगूनही आली, पोरीला बढती मिळाली. तुमची बढती अशीच आली होती ना. आत छापील जबाब निघाला. यंत्र सुस्थितीत होते, निष्काळजीपणा माझ्याकडून झाला. सही केली तर ताकीद देऊन कामावर घेणार, नाहीतर कायमची घरी. मी ऑफिसात फोन केला, तर साहेब गोडच बोलले. "ताई, मिटवून टाका. हे कोण वाचतंय?"

लय राग आला, आबा. त्यांचा आला, आणि त्याहून जास्त तुमचा. ज्या सरकारचा तुम्ही आयुष्यभर पहारा केलात, त्यानं माझं लिहिलेलं गिळलं. असंही होतं, हे तुम्ही मला सांगायला हवं होतं. का तुम्हालाही माहीत नव्हतं?

तुमची वही अजून ट्रंकेत आहे. हे पत्र तिच्यातच ठेवते, नाहीतर धाडू कुठं? तुमच्याशी भांडायला मला तोंड नाही खरं तर. तो जबाब मी कालच परत पाठवला. लखोट्यावरचं कुंकू बोटांना लागलं होतं, ते ओढणीला पुसलं आणि सही केली.