हत्तीचं प्यादं आणि निर्मलीची आखाजी

बावन्न वर्षं तू मला खोटं शिकवलंस, दोधूभाऊ. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्याने हत्तीपुढचं प्यादं आधी हलवायचं नाही, हलवेल तो गाढव, असं म्हणून तू माझ्या बोटांवर उंट आपटायचास. उंट लाकडी होता, पण लागायचा. आता मी ते प्यादं हलवून पाहिलं आहे, परक्या ओट्यावर, बारा पुरुषांच्या देखत, आणि माझ्या बोटांचा मला जाब हवा आहे.

हे लिहून मोकळी झाले, आता रीतीचं लिहिते. तीर्थस्वरूप दोधूभाऊ मुक्काम अक्कलकुवा यांच्या पायांवर धाकटी बहीण धनुबाई डोकं ठेवते. (पत्राच्या वरच्या बाजूला एवढा मान लिहावा लागतो. खाली तो टिकेलच असं नाही.) चैत्र वद्य नवमीपर्यंत इकडे सगळे जिवंत आहेत. तुझा गुडघा कसा आहे? भिकुवहिनी एरंडाचा पाला बांधत असेल आणि तिची पाठ वळली की तू सोडत असशील. सोडू नकोस. वहिनीच्या हाताला गुण आहे, तुला तो साठी उलटून गेल्यावरही दिसत नसेल तर दोष पाल्याचा नाही. माझं अक्षर वाकडं आहे हे मला माहीत आहे. दोन यत्ता झाल्या, तिसरीत बसवायच्या आधी बोहल्यावर बसवलं.

आता काय झालं ते ऐक. माझ्या छगनची निर्मली माघात तळोद्याकडे दिली हे तुला ठाऊक आहे, तू लग्नात सहा बट्ट्या खाऊन सातवी बंडीच्या खिशात घालून नेली होतीस. ही तिची लग्नानंतरची पहिली आखाजी, भटजींची अक्षय्य तृतीया. पहिल्या आखाजीला पोरगी माहेरी येते, गौराई बसवते, झोका बांधते आणि झोक्यावर बसून सासूला नावं ठेवणारी गाणी गळा फाडून म्हणते. (वर्षभर तोंड मिटून राहायचं तर एवढं पाहिजेच. मी माझ्या सासूवर रचलेली दोन अजून गावात म्हणतात.) तर छगन मुराळी होऊन लेकीला आणायला गेला. रिकामा आला. पुन्हा गेला, तर लोणच्याची बरणी घेऊन आला. मी विचारलं, हिला झोक्यावर बसवू का? त्याचं म्हणणं, येहीबाप्पा सोडत नाहीत. येहीबाप्पा म्हणजे निर्मलीचे सासरे भटू पाटील. सासूबाईंची, म्हणजे रंजनाबाईंची, कंबर धरली आहे, आणि घरात वाळवणाला ज्वारीचे बिबडे घालायचे आहेत, ते निर्मलीइतके पातळ कोणाला लाटता येत नाहीत, बिबडे झाले की पाठवू. किती आहेत म्हणून विचारलं तर म्हणे दीड मणाचे. दीड मणाचे बिबडे एका पोरीच्या हातून ज्येष्ठात संपतात. तेव्हा ती माहेरी येऊन काय करील, झोक्याची दोरी सोडील?

म्हणून मी स्वतः गेले. म्हातारी बाई मुराळी होऊन आलेली कोणी पाहिली नव्हती. आपला गाडीवान जान्या तापी ओलांडेपर्यंत हसत होता, आणि मी त्याला काही बोलले नाही कारण बैल त्याचंच ऐकतात. तिथे पोचले तर भटू पाटील ओट्यावर पट मांडून बसलेले. हा माणूस नंदुरबारला आगगाडी आली त्या सालापासून बुद्धिबळात हरलेला नाही असं त्यांच्या गावात सांगतात. (सांगणारे ते स्वतः.) मी पाणी प्याले, गूळ खाल्ला, रंजनाबाईंची कंबर पाहून आले. कंबर होती. मग ओट्याच्या कडेला पदर सावरून बसले आणि म्हटलं, येहीबाप्पा, एक डाव माझ्याशी होऊन जाऊ द्या, मी जिंकले तर नात आजच गाडीत. बारा माणसं हसली. तिथेच ते अडकले. नाही म्हणावं तर म्हातारीला भ्याले, हो म्हणावं तर म्हातारीशी खेळले. शेवटी मिशीवर हात फिरवून म्हणाले, "मांडा, येहीनबाई. पन रडानं नही." पांढरी मोहरी अर्थात त्यांनी घेतली. मुलाकडचे ना ते. पहिली पंगत त्यांची, पहिला आहेर त्यांचा, पहिली चालही त्यांची.

मला काय, मी जन्मभर काळ्यांनीच खेळलेली. तुझा पाय मोडून तू पावसाळाभर बाजेवर पडला होतास आणि खेळायला दुसरं कोणी मिळेना म्हणून मला आठव्या वर्षी पटासमोर बसवलंस, तेव्हापासून पांढरी तुझी. तर त्यांनी राजापुढचं प्यादं काढलं, आणि मी हत्तीपुढचं. ओटा असा हसला की आतून निर्मली बाहेर डोकावली. भटू पाटलांना माझी दया आली. "येहीनबाई, तठे काही नही शे. मधलं चालाडा." मी म्हटलं, प्यादं माझं, हत्ती माझा, तुमचं काय जातं? त्यांनी घोडा काढला, मी तेच प्यादं आणखी एक घर. त्यांनी उंट काढला, मी तेच. मग त्यांनी पटाकडे बघणं सोडलं आणि बायकांच्या बुद्धीवर बोलायला घेतलं. बोलताना माणूस छान दिसतो, पण चाल चुकते. प्यादं त्यांच्या अंगणात जाऊन उभं राहिलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना ते सहन होईना. त्याच्याकडे बघायचे आणि हुक्क्याची नळी दातात करकर चावायचे. त्याला खायला त्यांनी घोड्यापुढचं प्यादं उचललं. ते प्यादं म्हणजे त्यांच्या घराची कडी होती. कडी निघाली, माझा हत्ती सरळ आत, मागून वजीर. पुढे काय सांगू. त्यांचा एक घोडा गेला, उंट गेला, वजीर गेला. बारा माणसांतली पाच माझ्या बाजूला येऊन बसली. एकाने मला पानाचा डबा सरकवला.

आणि इथे, भाऊ, माझं चुकलं, ते मी तुला सांगते, छगनला सांगितलेलं नाही. वजिराची मात माझ्या हातात होती. एक चाल. निर्मली स्वयंपाकघराच्या दारात उभी, बगलेत गाठोडं बांधून तयार, खोकून खोकून मला खुणावत होती. पण आपल्या माहेरी वजिराने मात केली तर कोणी मान वर करून बघत नाही, प्याद्याने मात केली तर बारा वर्षं नाव निघतं, हे तूच माझ्या डोक्यात भरवलेलं. मला प्यादेमात हवी होती. जे माझ्या प्याद्याला हसले त्यांच्या राजाला प्याद्यानेच मारायचं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. (जिभेला मी कधी वेसण घातली नाही, आता साठीत कुठून आणू?) मध्ये कोणी आडवं यायला नको म्हणून मी त्यांची मोहरी एकेक करून वेचली. प्यादी वेचली. दुसरा हत्ती वेचला. शेवटचा एक उंट कोपऱ्यात उरला होता, अगदी गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तोही खाल्ला. तशी भटू पाटील उडी मारून उठले. "बुर्जी! बुर्जी व्हई गई!"

समोरच्याचं सगळं खाऊन त्याचा राजा उघडा एकटा पाडला की डाव बुर्जी. ना त्याचा ना माझा. हे तू मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतंस आणि हे मात्र खरं शिकवलं होतंस, याचा मला जास्त राग आहे. दारात धप्प आवाज झाला. निर्मलीच्या हातातलं गाठोडं.

तरी मी बसल्या जागी म्हटलं, बुर्जी झाली की दुसरा डाव दुसऱ्याच्या पटावर, आणि माझा पट माझ्या घरी आहे. भटू पाटील इतके चिडलेले होते की त्यांनी बैलच जुंपायला सांगितले, आत्ता चला म्हणाले. तेव्हा आतून रंजनाबाई ओरडल्या, "तठे तुमले भाकर कोन करी दी?" कारण पाटलांना दात नाहीत, आणि निर्मलीच्या हातची मऊ भाकरी सोडून दुसरी त्यांना चावत नाही. मी एक शब्द बोलले नाही. माझ्या आयुष्यात असं फार थोड्या वेळा झालं आहे, लिहून ठेव. पाटील म्हणाले, "बैस वं पोरी गाडीमा." झालं. सासरा स्वतः मुराळी होऊन सुनेला माहेरी घेऊन निघाला. रंजनाबाईंच्या ध्यानात आलं तेव्हा गाडी वेशीपाशी होती, आणि त्या धरलेल्या कमरेनिशी वेशीपर्यंत पळत आल्या. चांगल्या पळतात.

आज पाटील येऊन चौथा दिवस. माझ्या ओट्यावर बसले आहेत. डाव चालूच आहे. जेवायच्या वेळेला पटावर परात पालथी घालून ठेवतो, म्हणजे कोंबड्या आत शिरत नाहीत आणि मीही. या वेळी ते बायकांच्या बुद्धीवर काही बोलत नाहीत. माझं हत्तीपुढचं प्यादं दोन घरं गेलं तेव्हाच खाल्लं, पाठोपाठ हत्ती खाल्ला. ते जिंकले तर त्याच घटकेला गाडी जुंपणार आणि निर्मली गाडीत, असं ठरलं आहे. मी जिंकले तर ती आखाजी करून सावकाश जाईल, पण मी जिंकत नाही, हे मला दिसतं, त्यांना दिसतं, आणि निर्मलीला तर सगळ्यांआधी दिसतं. निंबाला झोका बांधून झाला आहे, त्यावर बसत नाही. दाराशी बसून माझी मोहरी मोजते. मी तिला सांगितलं, मोजून वाढत नाहीत, जा पाणी भर. आखाजीला नऊ दिवस आहेत. परवा एकादशी, एकादशीला मी लाकडाच्या प्राण्यांना हात लावत नाही (हे मी काल ठरवलं). अमावास्येचंही काही तरी काढीन. तरी मधले दिवस उरतात.

वहिनीला माझा नमस्कार, घरातल्या लहानांच्या डोक्यावरून माझा हात फिरव. तुझी बहीण धनुबाई.

ता. क. पत्र लिहिलं ते यासाठी. तू ये. बुद्धीसाठी बोलावत नाही, गैरसमज नको. सबंध खानदेशात तुझ्याइतका सावकाश खेळणारा माणूस नाही. एका चालीला दोन विडे आणि तीन डुलक्या. मी डोळे दुखतात म्हणून उठेन आणि माझ्या जागी तुला बसवेन. जिंकू नकोस, हरू नकोस, नऊ दिवस विचार कर.

आणखी ता. क. डोळे खरंच दुखतात. मला त्या दिवशी घोडा काढायचा होता, बोट हत्तीपुढच्या प्याद्याला लागलं. शिवलेलं मोहरं चालवावं लागतं. पुढची पावलं टाकली ती पहिलं मुद्दाम होतं असं वाटावं म्हणून. तेव्हा तू शिकवलेलं बरोबर असेल. बाहेर बोलायचं कारण नाही.

शेवटचं. पत्र मागच्या दाराने जान्याच्या हाती देते, तो तिकडचा बाजार करून परत येईतो उत्तर तयार पाहिजे. ओट्यावर येणारा प्रत्येक कागद पाटील अडवून मोठ्याने वाचतात, म्हणून उत्तर भिकुवहिनीने लिहायचं. तिचं अक्षर तिला आणि मला सोडून कोणाला लागत नाही. तू टाकाला हात लावायचा नाहीस. तू लिहायला बसलास की आधी विचार करशील, आणि आखाजी निघून जाईल. वहिनीनेच लिहायचं, आणि लिहून झालं की तुला उचलून गाडीत घालायचं.