तपासणीस आलेले निरीक्षक गाडीतून परत नेण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
वाहन तपासणी कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : जुन्या मोटरहोमच्या तपासणीसाठी आलेले निरीक्षक तपासणी संपवून परत जात नसल्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझे आधीचे दोन अर्ज. दोन्ही अर्ज आपण "संबंधित निरीक्षकांचा अभिप्राय घ्यावा" असा शेरा मारून परत पाठवले. संबंधित निरीक्षक माझ्याच गाडीत राहत असल्याने ते अर्ज मी स्वतः त्यांना गाडीच्या पायरीवर नेऊन दिले. अभिप्राय प्रलंबित आहे.

महोदय,

मी व्यवसायाने शिंपी आहे. आयुष्यभर लोकांची मापे घेतली, पण हे प्रकरण माझ्या टेपात मावत नाही, म्हणून तिसऱ्यांदा आपल्या दारी येत आहे. खालील मजकूर आपण स्वतः वाचावा, कोणाच्या अभिप्रायासाठी धाडू नये, ही हात जोडून विनंती.

१. सदर गाडी मी जुनीच विकत घेतली. लहानशी आहे. मागे एक पलंग, टीचभर ओटा, छोटे कपाट, हात धुवायचे भांडे आणि छताला हवेची झडप, एवढाच संसार. ती हौसेने घेतलेली नाही. माझ्या पत्नीची पाठ अशी धरते की बस असो वा मोटार, तिला फार वेळ बसवत नाही, आडवेच व्हावे लागते. तिची थोरली बहीण, जिला आम्ही आक्का म्हणतो, दूर समुद्राकाठी एकटी राहते. आक्कांची नजर दिवसेंदिवस उतरत चालली आहे. पत्नीचा एकच धोशा आहे : "तिला माझं तोंड दिसतंय तोवर मला तिच्यापाशी ने." सबब पलंग असलेली गाडी.

२. गाडीची सर्व दुरुस्ती मी करून घेतली. चाकावरचा गंजका पत्रा गॅरेजच्या मिस्त्रींनी कापून नवा जोडला. पाण्याचा पंप उघडून साफ केला. छताच्या झडपेतून पाणी ठिबकत असे, तेथे जुना सुकलेला लेप खरवडून नवे रबर बसवले. पडदे व गादीची खोळ मी घरीच शिवली, टीप दुहेरी आहे. त्यानंतर रीतसर अर्ज केल्यावर आपले निरीक्षक आले. गृहस्थ सज्जन आहेत. पाय पुसून आत गेले, ब्रेक पाहिले, दिवे पाहिले आणि "गाडी राहण्यास योग्य आहे काय" या रकान्यापाशी अडले. म्हणाले, "वरवर बघून मी कसं लिहू?" येथे माझी जीभ घसरली. गिऱ्हाइकांशी बोलायची सवय, म्हणून सहज बोलून गेलो, "साहेब, अंगात घातल्याशिवाय सदरा कळत नाही, तसं राहिल्याशिवाय घर कळत नाही." त्यांना ते फारच पटले. दुसऱ्या दिवशी ते उशी व दात घासायचा ब्रश घेऊन आले.

३. तेव्हापासून ते गाडीतच आहेत. रहिवासी या नात्याने ते तक्रार करतात, निरीक्षक या नात्याने ती दाखल करून घेतात आणि मला नोटीस देतात. पंप घरघरतो, नोटीस. पलंगाच्या पायथ्याशी वारा लागतो, नोटीस. कपाटाचे दार वळणावर उघडेल असे वाटते, नोटीस. गाडी तर जागची हललेली नाही, मग वळण कोठून आले, असे मी विचारले असता "वाटण्याचीही नोंद घ्यावी लागते" असे उत्तर मिळाले. नोटीस ते खिडकीतून बाहेर देतात. सहीसाठी पेन माझेच मागून घेतात.

४. खरी मेख पुढे आहे. मी दुरुस्ती करावी, तर ते आणखी सुखाने राहतात. पंपाखाली जुन्या कोटाचे अस्तर घातले, घरघर गेली, तर त्यांनी घरून वाचायला पुस्तके आणवली. वारा बंद केला, तर त्यांची उठायची वेळ पुढे गेली. तेव्हा मी कानाला खडा लावून दुरुस्तीच थांबवली. त्यावर "देखभालीत हयगय" अशी नोटीस आली, आणि तिच्या तळाशी "प्रकृतीस जपावे, चेहरा उतरलेला दिसतो" असे आपुलकीने लिहिलेले होते. हताश होऊन मिस्त्रींना बोलावले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खिडकीतून डोकावले आणि सांगितले, "इंजिन उतरवून देतो, गिअर उतरवून देतो. साहेबांना उतरवायचा पाना माझ्याकडे नाही."

५. निरीक्षकांच्या पत्नीसही भेटलो. त्या म्हणाल्या, "घरी कधी नळाची चकती बदलली नाही त्यांनी. तिथे राहून काही शिकत असतील तर राहू द्या की."

६. शेवटी एकच मुद्दा उरला. झडप गळते की नाही? मी शिडी लावून छतावर बादल्या ओतल्या. निरीक्षकांनी आतून सांगितले, "बादली म्हणजे पाऊस नव्हे." म्हणून पावसाची वाट पाहणे आले. एका दुपारी ध्यानीमनी नसताना तो कोसळला. असा की समोरचे घर दिसेना. मी छत्री धरून गाडीबाहेर उभा राहिलो आणि पाऊस थांबल्यावर दार वाजवले. निरीक्षक डोळे चोळत बाहेर आले व म्हणाले, "पाऊस पडला का?" महोदय, ते झडपेच्या बरोबर खाली झोपले होते आणि ठणठणीत कोरडे होते. गाडी राहण्यास योग्य असल्याचा याहून मोठा पुरावा मी कोठून आणू? परंतु जे डोळ्यांनी पाहिले नाही ते लिहिता येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. मी हात टेकले.

७. त्याच संध्याकाळी आक्कांचा फोन आला. पत्नीला म्हणाल्या, "अगं, सकाळपासून तू अंगणात उभी आहेस असं वाटत होतं. मघाशी जवळ जाऊन हात लावला, तर वाळत घातलेली चादर!" दोघी खूप हसल्या. फोन ठेवल्यावर पत्नी रडली. मला अतिशय वाईट वाटले आणि त्याहून जास्त राग आला. त्या रागात हा अर्ज लिहिला आहे.

तरी आपण निरीक्षकांस त्यांच्या उशीसह तातडीने परत बोलावून घ्यावे, ही नम्र विनंती.

८. वरील मजकूर येथे संपला होता. परंतु अर्ज निरीक्षकांमार्फतच यावा असा आपला नियम असल्याने तो त्यांना वाचावयास दिला. ते पायरीवर बसून वाचू लागले. क्रमांक चारपाशी हसले, क्रमांक सातपाशी थांबले. मग म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलं? प्रवासाचं कारण तुम्ही नुसतं 'वैयक्तिक' लिहिलंय." ही चूक माझी आहे. त्यानंतर ते आत जाऊन नियमांचे पुस्तक घेऊन आले. निरीक्षक सोबत असल्यास गाडी चाचणीसाठी रस्त्यावर नेता येते, असे त्यात आहे. किती दूर, हे त्यात नाही. "उभ्या गाडीत राहून पाहिलं," ते म्हणाले, "चालत्या गाडीत राहायचं राहिलंच आहे. आणि ते कपाटाचं दारही बघायचंय." एवढे बोलून त्यांनी आपली उशी उचलून पुढच्या सीटवर ठेवली व पलंग झटकून दिला. पत्नी आत गेली. पाठ टेकून पाहिली. "छान आहे हो," म्हणाली. इतक्या दिवसांत तिने प्रथमच गाडीत पाऊल ठेवले.

सबब, वरील विनंती मी मागे घेत आहे. निरीक्षकांस आम्ही परत येईतो बोलावू नये. खाडाखोड असलेला अर्ज बाद होतो असे ते सांगतात, म्हणून विषयाची ओळ तशीच ठेवली आहे, ती आपण उलट वाचावी. उत्तर द्यायचे झाल्यास आक्कांच्या पत्त्यावर द्यावे. मात्र अक्षर मोठे असावे. घरी आलेले टपाल त्या स्वतःच वाचतात, दुसऱ्या कोणाला वाचू देत नाहीत.

आपला नम्र व सध्या घाईत असलेला,
(सही)
शिंपी, गल्लीच्या टोकाचे दुकान

स्थळ : गाडीची पायरी
दिनांक : आजचाच

सोबत :
१. नोटिसांचे बाड. निरीक्षकांनी क्रमवार लावून दिले आहे.
२. उशीचा अभ्रा, कोरडा. पुरावा म्हणून. पाहून परत करावा.
३. आक्कांचा पत्ता व अक्षर किती मोठे हवे त्याच्या मापाचा एक कागद. पूर्ण पानावर एकच शब्द आहे, तो पत्नीने लिहिला आहे : "निघाले."